सुप्त कासदाहाचा क्षेत्रीय अभ्यास: प्रश्न ठरवण्यापासून उती तपासण्यापर्यंत

कासदाहाला आपल्याकडचे पशुपालक ‘दगडी’ म्हणतात आणि रोग उघड झाला की ते नाव पटतेही: कास घट्ट व गरम होते, दुधात गाठी किंवा रक्त येते, जनावर सडाला हात लावू देत नाही. सुप्त कासदाहात यातले काहीच दिसत नाही. दूध पांढरेशुभ्र असते, कास मऊ असते, गाय वैरण खाते आणि रवंथ करते. बदललेले असते ते दुधातील पेशींचे प्रमाण, क्षारांचा तोल आणि हळूहळू घटत जाणारे उत्पादन. बहुतेक ठिकाणी दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट वगळता उरणाऱ्या घन पदार्थांवर) ठरत असल्याने हा बदल संकलन केंद्रावरही सहसा कुणाच्या नजरेस येत नाही.

तौलनिक विकृतिशास्त्राच्या, म्हणजे निरनिराळ्या प्रजातींतील रोगांची तुलना करणाऱ्या शास्त्राच्या, दृष्टीने मात्र हा रोग अभ्यासाला विलक्षण सोयीचा आहे. गायीच्या कासेचे चारही कप्पे एकमेकांपासून स्वतंत्र असतात, प्रत्येकाला एकच सडनलिका असते, रोग नैसर्गिकरीत्या होतो आणि ग्रंथीतील घडामोडींचा नमुना सुई न टोचता दिवसातून दोनदा मिळतो. याच सोयीमुळे अभ्यासक गाफील राहतो, नमुने भराभर गोळा करतो आणि नंतर त्यातून काय सिद्ध करायचे ते शोधत बसतो. पुढील मांडणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि क्षेत्रावर काम करणाऱ्या पशुवैद्यकांसाठी आहे. गाय मध्यवर्ती धरली आहे; म्हैस, शेळी, कुत्रा किंवा उंदीर जिथे वेगळे वागतात तिथे तसे सांगितले आहे. प्रयोगशाळेपेक्षा तिच्या आधीच्या कामावर भर आहे, कारण असे अभ्यास बहुधा गोठ्यातच बिघडतात आणि तिथे बिघडलेले काम कितीही महागड्या यंत्राने नंतर सुधारत नाही.

पहिली पायरी: प्रश्न एकच ठेवणे

‘प्रादुर्भाव, निदान व उपचार’ असे तिन्ही शब्द एकाच शीर्षकात घालण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि ती सोडलेली बरी. रोगाचे प्रमाण मोजायचे असेल तर गोठे आणि जनावरे निवडीविना, चिठ्ठ्या टाकून घ्यावी लागतात. चाचणी पारखायची असेल तर निरोगी, संशयित आणि बाधित असे सर्व प्रकारचे कप्पे पुरेशा संख्येने हवेत. उपचार पारखायचा असेल तर फक्त बाधित कप्पे हवेत आणि त्यांतील काहींना तो उपचार न देण्याची तयारी हवी. तिन्ही प्रश्नांसाठी जनावरे निवडण्याची रीत इतकी वेगळी आहे की एकाच निवडीवर तिन्ही उत्तरे उभी केली, तर त्यांपैकी दोन तरी लंगडी पडतात.

प्रश्न ठरला की व्याख्या लिहून ठेवाव्यात. कासेतील जंतुसंसर्ग आणि कासेचा दाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संसर्ग जंतुसंवर्धनाने कळतो. दाह पेशींच्या संख्येने किंवा रासायनिक निदर्शकाने कळतो. एखाद्या कप्प्यात जंतू असतील पण पेशी वाढलेल्या नसतील, तर संसर्ग नुकताच झालेला असू शकतो. पेशी वाढलेल्या असतील पण जंतू सापडत नसतील, तर शरीराने तो परतवलेला असू शकतो किंवा जंतू त्या वेळी दुधात उतरत नसतील. गायीमध्ये प्रति मिलिलिटर २ लाख कायिक पेशी (दुधातील पेशी, दाहात मुख्यतः पांढऱ्या) ही सीमा सर्वत्र वापरली जाते, आणि निरोगी कप्प्याची संख्या बहुधा १ लाखाच्या खाली असते. ही सीमा कप्प्याच्या दुधाला लावणार की चारही सडांच्या एकत्र दुधाला, हे आधीच नमूद करावे. समजा, तीन कप्प्यांत प्रत्येकी ५० हजार पेशी आहेत, चौथ्यात ६ लाख आहेत, आणि चौघांचे दूध सारखेच निघते. एकत्र दुधाची सरासरी १ लाख ८७ हजार ५०० येईल आणि उघडपणे बाधित असलेला कप्पा घेऊन ती गाय ‘निरोगी’ म्हणून नोंदली जाईल.

दुसरी पायरी: परवानगी आणि संमती

पशुपालकाच्या गोठ्यातल्या जनावरावर काम करायचे असले, तरी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे प्रस्ताव आधी द्यावा. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली होते, आणि त्यासाठीची केंद्रीय समिती पूर्वी सीपीसीएसईए व आता सीसीएसईए या नावाने ओळखली जाते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे प्राण्याऐवजी पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि त्रास कमी करणे, ही प्रस्तावात फक्त उद्धृत करून भागत नाही; आपल्या अभ्यासात ती कुठे लागू होतात ते लिहावे लागते. उदाहरणार्थ, जो निदर्शक दुधात मोजता येतो त्यासाठी मानेच्या शिरेतून रक्त का काढायचे, याचे उत्तर प्रस्तावात असायला हवे.

पशुपालकाची संमती लेखी आणि मराठीत घ्यावी. तिच्यात दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात: त्याच्या गायीला नियंत्रण गटात, म्हणजे तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेल्या गटात, टाकले जाऊ शकते, आणि प्रतिजैविक दिलेल्या जनावराचे दूध ठरावीक दिवस संघात घालता येणार नाही. दुसऱ्या गोष्टीची भरपाई कोण देणार हे आधी ठरले नाही, तर ते दूध चुपचाप कॅनमध्ये जाते, आणि त्याचा दोष पशुपालकाला देण्यात अर्थ नसतो.

तिसरी पायरी: मोजणीचे एकक आणि नमुनासंख्या

एका गायीचे चार कप्पे म्हणजे चार स्वतंत्र जनावरे नव्हेत. रचनेने ते वेगळे असले तरी त्यांचे रक्त एक, प्रतिकारशक्ती एक, गोठ्याची जमीन एक आणि धार काढणारा हातही एकच असतो. म्हणून एकाच गायीचे कप्पे दुसऱ्या गायीच्या कप्प्यांपेक्षा एकमेकांसारखे वागतात. ४० गायींचे १६० कप्पे घेऊन ‘नमुनासंख्या १६०’ असे लिहिणे आणि त्यावर साधी काय-वर्ग (chi-square) चाचणी लावणे, ही या विषयातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग चूक आहे, कारण तिच्यामुळे नसलेला फरकही ठळक दिसतो.

एक कल्पित गणित पाहू. उपचाराविना ४० टक्के कप्पे आपोआप बरे होतात आणि उपचाराने ७० टक्के बरे व्हावेत अशी आपली अपेक्षा आहे, असे धरू. ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के सामर्थ्य (असलेला फरक पकडण्याची शक्यता) ठेवले, तर दोन प्रमाणांच्या तुलनेच्या नेहमीच्या सूत्राने प्रत्येक गटात ४२ कप्पे लागतात. आता एका गायीतून सरासरी २ कप्पे येणार असतील आणि त्यांच्यातील सहसंबंध ०.२ धरला, तर ही संख्या १ + (२ − १) × ०.२, म्हणजे १.२ ने गुणावी लागते आणि ती ५१ वर जाते. गाय विकली जाणे, आटणे किंवा नमुना दूषित होणे यांमुळे १० टक्के गळती गृहीत धरली की प्रत्येक गटात ५७ कप्पे घ्यावे लागतात. हा आकडा आवाक्याबाहेरचा वाटला तर प्रश्न लहान करावा. कमी संख्येत मोठा प्रश्न विचारून ‘फरक आढळला नाही’ असे लिहिण्याने कुणाचेच भले होत नाही, आणि त्यासाठी वापरलेली जनावरे वाया जातात.

चौथी पायरी: गटवारी आणि गुप्तता

गटवारी संगणकाने किंवा यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्याने करावी. ‘एक सोडून एक गाय’ ही पद्धत यादृच्छिक नाही. पुढची गाय कोणत्या गटात जाणार हे माहीत असल्यावर दुबळी गाय चांगल्या औषधाच्या गटात सरकवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. वेताचा क्रम आणि विल्यापासूनचे दिवस यांचा पेशींच्या संख्येशी संबंध असल्याने त्यांनुसार थर पाडून प्रत्येक थरात स्वतंत्र गटवारी करणे चांगले. उपचार कप्प्यात द्यायचा असला, तरी शक्यतो एका गायीच्या सर्व बाधित कप्प्यांना एकच उपचार द्यावा, कारण सडातून दिलेल्या औषधाचा काही अंश रक्तात उतरून शेजारच्या कप्प्यापर्यंत पोहोचू शकतो.

उपचार कोणता दिला हे नमुना तपासणाऱ्याला कळू नये, हे तत्त्व सर्वांना पाठ असते; गोठ्यात ते पाळणे अवघड जाते. कोरफड, हळद आणि चुना यांच्या लेपाचा प्रचार राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने केल्यापासून त्यावर अभ्यास करण्याची विद्यार्थ्यांना ओढ आहे, आणि ती योग्यही आहे. परंतु हळदीने पिवळी झालेली कास गट लपू देत नाही. धार काढणाऱ्याचे हात पिवळे, सड पिवळे, कधी नळीचे झाकणही पिवळे. अशा वेळी गोठ्यातली गुप्तता राखता येत नाही हे मान्य करून ती प्रयोगशाळेत राखावी: नमुना गोळा करणाऱ्याने नळ्या बाहेरून पुसाव्यात, त्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक लिहावा, आणि क्रमांकांची किल्ली तिसऱ्याच व्यक्तीकडे असावी. पेशी मोजणारा आणि जंतुसंवर्धन वाचणारा यांना गट विश्लेषण संपेपर्यंत कळू नये.

पाचवी पायरी: दुधाचा नमुना

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. तयारीत निर्जंतुक झाकणबंद नळ्या, ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेले कापसाचे बोळे, कागदी पुसणी, हातमोजे, न पुसली जाणारी शाई आणि बर्फाची पेटी असावी. नळीवर गायीचा कानातील बिल्ल्याचा क्रमांक नव्हे तर अभ्यासाचा संकेत, सडाची जागा आणि तारीख आधीच लिहावी. ओल्या नळीवर शाई धरत नाही.

नमुना धार काढण्यापूर्वी घ्यावा. कास फार मळलेली नसेल तर ती धुऊ नये, कारण वरून ओघळणारे पाणी सडाच्या टोकाशी जंतू आणून सोडते. सड कोरडे पुसून जंतुनाशकात बुडवावेत, ३० सेकंद थांबावे आणि प्रत्येक सडासाठी वेगळ्या पुसणीने ते कोरडे करावेत. मग पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून टाकाव्यात. सडनलिकेतले जंतू आणि तिथे साठलेल्या पेशी त्यांतून निघून जातात. यानंतर सडाचे टोक अल्कोहोलच्या बोळ्याने घासावे, बोळा स्वच्छ दिसेपर्यंत. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी आपल्यापासून दूरचे दोन सड घासावेत आणि नंतर जवळचे, नमुना घेताना मात्र आधी जवळच्या सडांचा आणि मग दूरच्यांचा घ्यावा, म्हणजे स्वच्छ केलेल्या सडावरून मनगट फिरत नाही. नळी सुमारे ४५ अंशांत तिरकी धरावी, झाकण त्याच हाताच्या बोटांत आतली बाजू खाली ठेवून धरावे, आणि ३ ते ५ मिलिलिटर दूध सडाचा नळीला स्पर्श न होऊ देता घ्यावे. झाकण खाली ठेवले की तो नमुना बाद समजावा.

म्हशीच्या बाबतीत थोडी सबुरी लागते. तिच्या कासेच्या कुंडात साठलेले दूध फार थोडे असते आणि बहुतेक दूध पान्हा सुटल्यावरच खाली येते. सडाचे टोकही गायीपेक्षा घट्ट असते. पान्हा सुटायच्या आधी जोर लावून काढलेला नमुना आणि पान्ह्यानंतरचा नमुना यांची तुलना करू नये. वासरू सोडून पान्हा घेतला जात असेल तर वासराच्या तोंडची लाळ सडावर येते, म्हणून वासरू बाजूला केल्यानंतर वरील सर्व क्रम पुन्हा करावा.

नमुने लगेच बर्फावर ठेवावेत, ४ अंश सेल्सिअसला राखावेत आणि शक्यतो २४ तासांच्या आत संवर्धनाला लावावेत. पेशींच्या मोजणीसाठी ब्रोनोपॉलसारखे परिरक्षक घातलेली नळी वेगळी ठेवावी, कारण त्या नळीतून जंतू वाढत नाहीत. नमुने गोठवायचेच झाले तर सर्वच गोठवावेत: गोठवण्याने ई. कोलाय मरण्याची शक्यता वाढते, तर पेशींच्या आत दडलेला स्टॅफिलोकोकस ऑरियस पेशी फुटल्यामुळे अधिक सहज सापडतो. अर्धे नमुने ताजे आणि अर्धे गोठवलेले असतील, तर दोन जंतूंच्या प्रमाणातील फरक रोगाचा की फ्रीजरचा, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

सहावी पायरी: सीएमटी आणि पेशींची मोजणी

कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट (सीएमटी) ही चाचणी शाल्म आणि नूरलँडर यांनी १९५७ मध्ये मांडली आणि गोठ्यात वापरायला तिच्याइतकी स्वस्त व उपयोगी दुसरी चाचणी आजही नाही. चार खणांच्या थाळीत प्रत्येक सडाचे सुमारे २ मिलिलिटर दूध घेऊन तेवढेच द्रावण घालावे आणि थाळी आडवी, गोल फिरवावी. द्रावणातील अपमार्जक पेशी फोडतो, आतील डीएनए मोकळा होतो आणि मिश्रण दाट होऊ लागते. वाचन १० सेकंदांच्या सुमारास करावे. २० सेकंदांनंतर सौम्य प्रतिक्रिया विरून जाते. नकारात्मक, किंचित, १, २ आणि ३ अशा श्रेणी असतात. ‘किंचित’ म्हणजे फक्त थाळी तिरकी केल्यावर दिसणारा आणि पुढे नाहीसा होणारा दाटपणा, तर ३ म्हणजे मध्यभागी गोळा होऊन खणाच्या तळाला चिकटणारी जेली. वाचन एकाच व्यक्तीने करावे, किंवा दोघांनी स्वतंत्रपणे करून त्यांच्यातील एकमत मोजावे. विल्यानंतरचे पहिले काही दिवस, चीक असताना, आणि भाकड होण्याच्या सुमारास ही चाचणी निरोगी कासेतही सकारात्मक येते, म्हणून त्या काळातील जनावरे अभ्यासातून वगळावीत.

यंत्र नसेल तर प्रेस्कॉट आणि ब्रीड यांची १९१० पासूनची सूक्ष्मदर्शी पद्धत पुरेशी आहे: ०.०१ मिलिलिटर दूध १ चौरस सेंटिमीटर जागेत सारखे पसरून, वाळवून, रंगवून पेशी मोजाव्यात. वेळ लागतो, पण एक मोठा फायदा होतो: पेशींचे प्रकार डोळ्यांनी दिसतात. बाधित कप्प्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे वर्चस्व असते, तर निरोगी दुधात महाभक्षक पेशी अधिक दिसतात.

शेळीच्या दुधात मात्र गायीचे नियम थेट लावले की घोटाळा होतो. शेळीच्या कासेत दूध स्रवताना पेशीचा वरचा भाग तुटून दुधात येतो, आणि केंद्रक नसलेले पण आकाराने पांढऱ्या पेशीएवढे कण तयार होतात. आकारावरून मोजणारे यंत्र त्यांनाही पेशी समजते. म्हणून उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळ्यांवर काम करताना डीएनएला रंगवणारी पद्धतच वापरावी. त्यानंतरही निरोगी शेळीची संख्या गायीपेक्षा जास्त असते आणि वेताच्या शेवटी ती वाढते, त्यामुळे २ लाखांची सीमा तिथे चालत नाही.

सातवी पायरी: जंतुसंवर्धन

रक्त अगार आणि मॅककॉन्की अगार या जंतू वाढवण्याच्या माध्यमांवर ०.०१ मिलिलिटर दूध ओढून ३७ अंशांवर ठेवावे आणि २४ व ४८ तासांनी वाचावे. कॅटॅलेज चाचणीने स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस वेगळे करता येतात, नळीतील कोअ‍ॅग्युलेज चाचणीने ऑरियस ओळखता येतो आणि कॅम्प चाचणी स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टियाकडे बोट दाखवते. एकाच थाळीवर तीन किंवा अधिक प्रकारच्या वसाहती आल्या तर नमुना दूषित मानून पुन्हा घ्यावा. ‘मिश्र संसर्ग’ असे लिहून तो पचवू नये. दूषित नमुन्यांचे प्रमाण अहवालात द्यावे, कारण वाचकाला नमुना घेण्याचा दर्जा त्यावरूनच कळतो. ऑरियस दुधात सतत उतरत नाही, म्हणून एका नकारात्मक नमुन्यावरून कप्पा स्वच्छ ठरवू नये. मायकोप्लाझ्मा या माध्यमांवर वाढत नाही, हे मर्यादा म्हणून लिहावे. दुधातून ब्रुसेला माणसाला होऊ शकतो, तेव्हा हातमोज्यांशिवाय आणि सुरक्षित कक्षाशिवाय हे काम करू नये.

आठवी पायरी: निदर्शक निवडणे

तौलनिक अभ्यासाचे खरे काम इथे सुरू होते. माणसात दाह तपासायचा म्हटले की सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन आठवते, आणि कुत्र्यातही ते उत्तम निदर्शक आहे. गर्भाशयात पू झालेल्या कुत्रीत ते झपाट्याने वाढते आणि उपचारानंतर तितक्याच लवकर उतरते. गायीत मात्र ते फारसे उपयोगी नाही. तिथे हॅप्टोग्लोबिन आणि सिरम अ‍ॅमिलॉइड ए ही मुख्य तीव्रप्रावस्था प्रथिने, म्हणजे दाह सुरू होताच वाढणारी प्रथिने, आहेत. निरोगी गायीच्या रक्तात हॅप्टोग्लोबिन जवळजवळ नसते आणि दाहात ते शंभरपटीहून अधिक वाढू शकते. मांजरात पुन्हा चित्र बदलते: सिरम अ‍ॅमिलॉइड ए आणि आम्ल ग्लायकोप्रोटीन वाढतात, सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन नाही. माणसाच्या रक्तासाठी बनवलेला किट गायीच्या नमुन्यावर चालवला आणि आकडा आला, एवढ्याने तो आकडा खरा ठरत नाही. त्या प्रजातीसाठी किट प्रमाणित आहे का, हे खरेदीपूर्वी विचारावे.

रक्तातील हॅप्टोग्लोबिन वाढले म्हणजे कासच दुखावली आहे असेही नाही. विल्यानंतर ते वाढते, गर्भाशयदाहात वाढते, खुरांच्या आजारात वाढते. शिवाय ते हिमोग्लोबिनला बांधून घेते, त्यामुळे नमुन्यात रक्तपेशी फुटल्या असतील किंवा जनावराला बॅबेसिओसिससारखा रक्तपेशी फोडणारा आजार असेल तर वाचन बिघडते. सुप्त कासदाहासाठी दुधातील अ‍ॅमिलॉइड ए अधिक चांगले, कारण त्याचा एक प्रकार कासेच्या ऊतीतच तयार होतो. एवढी सोय नसेल तर दुधाची विद्युतवाहकता आणि सामू मोजावेत: दाहात रक्तातील सोडियम व क्लोराइड दुधात झिरपतात, लॅक्टोज व पोटॅशियम घटतात, वाहकता वाढते आणि दुधाचा सामू रक्ताच्या सामूकडे सरकतो. वाहकतेची एकच सीमा सर्व गायींना लावण्यापेक्षा त्याच गायीच्या चार कप्प्यांची आपसांत तुलना करणे अधिक विश्वसनीय आहे.

निदर्शक पारखताना संवेदनशीलता (बाधितांपैकी किती पकडले) आणि विशिष्टता (निरोगींपैकी किती निरोगीच सांगितले) दोन्ही द्याव्यात, पण तेवढ्यावर थांबू नये. समजा, २०० कप्प्यांपैकी ६० संवर्धनाने बाधित आहेत. चाचणीने त्यांतील ४८ पकडले आणि निरोगी १४० पैकी २८ चुकून बाधित सांगितले. दोन्ही गुण ८० टक्के आले, आणि सकारात्मक कप्पा खरोखर बाधित असण्याची शक्यता ६३ टक्के. हीच चाचणी फक्त १० टक्के कप्पे बाधित असलेल्या गोठ्यात वापरली, तर १६ खरे आणि ३६ खोटे सकारात्मक येतील, आणि ती शक्यता ३१ टक्क्यांवर घसरेल. पशुपालक या दुसऱ्या आकड्यावर पैसे खर्च करणार असतो. निरोगी जनावरांची संदर्भमर्यादा स्वतः बांधायची असेल तर किमान १२० निरोगी जनावरे घेण्याचा प्रघात आहे. दहा-बारा गायींच्या सरासरीला संदर्भमर्यादा म्हणू नये.

नववी पायरी: उपचार आणि ‘बरे झाले’ याचा अर्थ

सुप्त कासदाहाच्या उपचारांवरील बरेच आशादायी निष्कर्ष नियंत्रण गट नसल्यामुळे निर्माण होतात. एखाद्या दिवशी ज्यांची पेशीसंख्या सर्वांत जास्त आहे अशाच गायी निवडल्या, तर दोन आठवड्यांनी त्यांची संख्या काहीही न करता सरासरीकडे उतरते. पेशीसंख्या रोज वरखाली होते आणि आपण तिला वरच्या टोकाला पकडलेले असते. शिवाय ई. कोलायसारखे संसर्ग अनेकदा आपोआप संपतात. ‘उपचारापूर्वी’ आणि ‘उपचारानंतर’ एवढेच दोन स्तंभ असलेल्या तक्त्यातून औषधाचा गुण काढता येत नाही, मग ते औषध प्रतिजैविक असो की लेप. निवडीपूर्वी काही दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्यावेत आणि दोन्हींत बाधित ठरलेलाच कप्पा घ्यावा.

जंतूंच्या दृष्टीने बरे होणे म्हणजे उपचारापूर्वी सापडलेला जंतू उपचारानंतर सुमारे १४ आणि २१ दिवसांच्या दोन्ही नमुन्यांत न सापडणे. याहून लवकर नमुना घेतला तर दुधात उरलेले प्रतिजैविकच थाळीवर जंतू वाढू देत नाही. वेगळा जंतू सापडला तर तो नवा संसर्ग म्हणून नोंदवावा. पेशींच्या दृष्टीने बरे होणे वेगळे मोजावे. जंतू गेल्यावरही संख्या उतरायला वेळ लागतो.

नियंत्रण गट ठेवणे अन्यायाचे वाटते खरे. पण दुभत्या काळात सुप्त कासदाहाला सरसकट प्रतिजैविक देणे एरवीही योग्य मानले जात नाही. स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टिया हा त्याला मोठा अपवाद, कारण तो उपचाराला चांगला दाद देतो आणि कळपात पसरतो. इतरांना भाकड काळात उपचार मिळू शकतो. कप्प्याला उघड दगडी झाली तर तो कप्पा अभ्यासातून बाहेर काढून लगेच उपचार करायचा, ही अट आराखड्यातच असावी, आणि असे कप्पे अंतिम हिशेबात ‘बरे न झालेले’ म्हणून धरावेत.

दहावी पायरी: ऊतींचा पुरावा

महाराष्ट्रात गोवंशाची कत्तल कायद्याने बंद असल्याने गायीच्या कासेची ऊती मुख्यतः मृत जनावरांच्या शवविच्छेदनातून मिळते. म्हशीची ऊती अधिकृत कत्तलखान्यातून परवानगीने घेता येते. अचानक मेलेल्या आणि नाकातोंडातून न गोठणारे रक्त आलेल्या जनावराचे शव उघडू नये. आधी फाशी रोगाची शक्यता तपासावी. मृत्यूनंतर काही तासांतच, विशेषतः उन्हाळ्यात, ऊती कुजू लागतात आणि कुजलेल्या ऊतीत दाह वाचता येत नाही.

प्रत्येक कप्प्यातून दुग्धकुंडाची भिंत, मधला भाग आणि वरचा भाग असे ठरलेल्या जागांवरून तुकडे घ्यावेत, सोबत कासेवरील लसीकाग्रंथीचाही. तुकडा ५ मिलिमीटरहून जाड नसावा आणि १० टक्के उदासीन फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट असावे. सूक्ष्मदर्शकाखाली कूपिकांच्या (दूध स्रवणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांच्या) पोकळीतील न्यूट्रोफिल, कूपिकांमधील लसीकापेशी, तंतुमयता आणि स्रावी ऊतींची घट यांना ० ते ३ असे वेगवेगळे गुण द्यावेत. भाकड काळात कास नैसर्गिकरीत्या आक्रसते. तेव्हाही कूपिका लहान होतात आणि मधली ऊती वाढलेली दिसते. वेताचा टप्पा माहीत नसलेल्या तुकड्याला ‘जुनाट कासदाह’ म्हणणे म्हणूनच धोक्याचे आहे. कूपिकांत दिसणारे गोल, थरांचे, निळसर-गुलाबी पिंड गायीत निरोगी कासेतही आढळतात. त्यांना रोगाची खूण मानू नये. दोन विकृतिशास्त्रज्ञांनी एकमेकांचे गुण न पाहता वाचन करावे आणि त्यांच्यातील एकमत दाखवणारा भारित ‘कॅपा’ (weighted kappa) गुणांक द्यावा.

उंदरावर काम करणारे अभ्यासक मादीच्या पाच जोड्यांपैकी चौथ्या जोडीच्या ग्रंथी वापरतात, कारण त्या मोठ्या आणि हाताळायला सोप्या असतात. तिथेही प्रत्येक सडाला एकच नलिका असल्याने गायीशी तुलना जमते. माणसात एका स्तनाग्रावर अनेक नलिका उघडतात. शिवाय उंदीर जिवाणूंच्या अंतर्विषाला बराच सोशीक असतो, त्यामुळे त्याच्यात सौम्य दिसलेली प्रतिक्रिया गायीत सौम्य राहील असे गृहीत धरता येत नाही. निष्कर्ष एका प्रजातीवरून दुसरीकडे नेताना रचना, जंतू आणि निदर्शक या तिन्हींची जुळणी स्वतंत्रपणे दाखवावी.

अकरावी पायरी: विश्लेषण आणि लेखन

पेशीसंख्येची साधी सरासरी घेऊ नये. चार कप्प्यांच्या संख्या ५० हजार, ८० हजार, १ लाख आणि ४० लाख असतील, तर सरासरी १० लाख ५७ हजार ५०० येते, आणि ती चौघांपैकी एकाचेही वर्णन करत नाही. संख्यांचा लॉगरिदम घेऊन काम करावे किंवा रेषीय गुणांक वापरावा: संख्या १ लाखाने भागून, तिचा २ पायाचा लॉगरिदम काढून त्यात ३ मिळवावेत. २ लाखांचा गुणांक ४ येतो, आणि पुढे दर दुप्पटीला १ वाढतो. गाय आणि गोठा हे यादृच्छिक परिणाम म्हणून घेणारे, म्हणजे एकाच गायीचे कप्पे एकमेकांसारखे वागतात हे हिशेबात धरणारे, मिश्र प्रतिमान (mixed model) वापरावे. ते स्वतःला जमत नसेल तर आराखड्याच्या वेळीच सांख्यिकी तज्ज्ञाला गाठावे, कारण नमुने संपल्यावर तो फक्त दोष सांगू शकतो.

अहवाल लिहिताना प्राण्यांवरील प्रयोगांच्या अहवालासाठीची, २०२० मध्ये सुधारलेली ‘अराइव्ह’ सूची, आणि पशुधनावरील चाचण्यांसाठी २०१० ची ‘रिफ्लेक्ट’ सूची, समोर ठेवावी. किती जनावरे तपासली, किती घेतली, किती गळाली आणि का, हे एका आकृतीत द्यावे. औषधाची मात्रा, गोठ्याची जमीन, धार हाताने की यंत्राने, वेत आणि विल्यापासूनचे दिवस हे तपशील गाळू नयेत. मूळ नोंदी आणि विलग केलेले जंतू शीतपेटीत संकेतांसह जपून ठेवावेत. प्रतिजैविक-प्रतिकाराची तपासणी पुढे कुणाला करायची झाली तर तेच उपयोगी पडतात. प्रत्येक पशुपालकाला त्याच्या गायींचा कप्पावार निकाल मराठीत, कोणत्या सडाची धार शेवटी काढायची या सूचनेसह, प्रबंध सादर होण्याची वाट न पाहता पोहोचवावा.